सांदवाडीतल्या न्हाणीचा दगड

मी एक दगड बोलतोय. रस्त्यावरून जाताना मी तुम्हाला दिसणार नाही. यवतमाळ शहराच्या टोकाला प्लॉट पाडून वसवलेलं एक ले-आउट आहे, तिथे 'विमल निवास' असं गेटवर लिहिलेलं घर आहे. त्या घराला वळसा घालून मागे आलात, की सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, मी पडलेला आहे. माझ्यावर बसून या घरातल्या माणसांनी कितीतरी वर्षं आंघोळ केली. दगडाला डोळे नसतात, कान नसतात, असं धरूनच माणसं दगडावर बसतात. बसू देत. मी कधी कुणाची चहाडी केली नाही. आज बोलतोय ते एका बाईसाठी. ती स्वतः फार बोलली नाही.

माझा जन्म मुकुटबनकडच्या एका खाणीतला. सुरुंग लागला, आम्ही भावंडं सुटी झालो आणि ट्रकमध्ये पडून यवतमाळला आलो. एका मोठ्या बंगल्याच्या पायऱ्यांसाठी आम्हाला आणलं होतं. उतरवताना माझा एक कोपरा उडाला आणि मिस्त्रीने मला बाजूला टाकलं. कोपरा उडालेला दगड पायरीला चालत नाही. तिथेच रस्त्याच्या कडेला मी पडून होतो. कुत्री येऊन बसायची, पोरं उड्या मारायची. मग एका संध्याकाळी विठ्ठलराव सायकल हातात धरून माझ्यापाशी थांबले.

विठ्ठलराव राळेगाव तालुक्यातले. गावी कापसाचं वावर भावाकडे सोपवून ते शहरात खताच्या दुकानात नोकरीला लागले होते. मुलं शहरात शिकावी एवढीच हौस. प्लॉट घेतला होता, विटांच्या दोन खोल्या चढवल्या होत्या, वर टिनाचे पत्रे टाकले होते. बंगल्याच्या मालकाला विचारून त्यांनी मला हातगाडीवर घातलं आणि घरी आणलं. माणूस कष्टाळू होता आणि मनाने चांगला होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येईल. मलाही आला होता.

सांदवाडीत त्यांनी मला पाण्याचा उतार बघून बसवलं. भोवती चार बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, रोवल्या, दोन बाजूंना जुनी लुगडी बांधली आणि तिसऱ्या बाजूला खताची पोती उसवून शिवून लावली. चौथी बाजू घराची भिंत. वर आभाळ. पाणी वाहत जाऊन एका पपईच्या झाडाला मिळायचं. विमलताई मागच्या दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. नुकतीच पंचविशी ओलांडलेली बाई, कडेवर लहानगा रजत.

"हे दिवाळीपर्यंतच, रजतची आई," विठ्ठलराव हात झटकत म्हणाले. "मंग पक्की न्हाणी बांधून देतो तुले. दाराची."

विमलताई खुश झाल्या. माहेरी त्यांनी आयुष्यभर गोठ्याच्या आडोशाला अंग धुतलं होतं. दार लावून, कडी घालून, अंगावरचं सगळं उतरवून, सावकाश डोक्यावरून पाणी घ्यायचं, हे त्यांनी फक्त एका नातेवाइकाच्या क्वार्टरमध्ये एकदाच अनुभवलं होतं. ती गोष्ट त्या रुपीबाईला सारखी सांगायच्या. एखाद्याने जत्रेची गोष्ट सांगावी तशी.

रुपीबाई म्हणजे शेजारीण. बंजारा समाजातली, अंगाने थोराड, आवाजाने त्याहून थोराड. तिच्या घरीही न्हाणी नव्हती. दोघींनी आपसात एक रीत पाडून घेतली होती. दिवस उजाडायच्या आत एकीने अंग धुवायचं आणि दुसरीने आडोशाच्या तोंडाशी पाठ करून उभं राहायचं. वाटेने कुणी येताना दिसलं की रुपीबाई खोकायची. खोकल्याची खूण झाली की आतलं पाणी थांबायचं. माणूस गेला की ती म्हणायची, "मी उभी हाव, विमलबाई. घे धुऊन." रोज हेच वाक्य. मला ते पाठ झालं होतं.

त्या काळात मागे तुरीचं वावर होतं. तूर उंच वाढली की तिकडून कुणी बघायचा प्रश्नच नसायचा. विमलताई तेव्हा थोड्या निवांत असायच्या. गुणगुणायच्यासुद्धा. टाचा माझ्या अंगावर घासायच्या, रजतला पायावर झोपवून न्हाऊ घालायच्या. पुढे सुरभी झाली, तिलाही असंच न्हाऊ घातलं. दिवाळी आली, गेली. आणखी एक आली. बल्ल्या त्याच राहिल्या, लुगडी तेवढी बदलली.

मग शहर आमच्याकडे सरकलं. तूर निघाली ती पुन्हा पेरली गेली नाही. वावराचे प्लॉट पडले, खांब उभे राहिले. आमच्या अगदी मागे एक दुमजली घर झालं, त्याच्या शेजारी तिमजली. लोक म्हणाले, वस्ती सुधारली, भाव वाढले. विठ्ठलरावही खुशीत होते. पण आडोशाला चार बाजू असतात आणि वर काहीच नसतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. कसं येणार. पुरुषमाणसं चड्डी घालून उघड्यावर अंग धुतात आणि वर गच्चीवरच्या माणसाला रामरामही करतात.

एका सकाळी त्या तिमजली घराचा वरचा स्लॅब टाकायचा होता. मजूर लवकर आले होते. रुपीबाई वाटेकडे तोंड करून उभी होती. वाटेवर कुणी नव्हतं, म्हणून ती खोकली नाही. विमलताईंनी तांब्या डोक्यावर घेतला आणि वरून हसण्याचा आवाज आला. दोन-तीन जण होते. एक जण काहीतरी बोलला, बाकीचे हसले. विमलताईंच्या हातातला तांब्या माझ्या अंगावर पडला. त्याचा ओरखडा अजून माझ्यावर आहे. त्या काढून ठेवलेलं लुगडं अंगावर ओढून, गुडघे छातीशी घेऊन बसून राहिल्या. रुपीबाईने तोंड वर करून त्या मजुरांचा उद्धार केला, त्यांच्या सात पिढ्या काढल्या. पण विमलताई उठेचनात.

त्या दिवसापासून त्या बाईने लुगडं नेसूनच आंघोळ केली. ओल्यावरच कोरडं गुंडाळून, आतल्या आत ओलं सोडायचं आणि घरात पळायचं. दोन तांबे, तीन तांबे, संपलं. आमच्याकडे नळ आठवड्याने येतो, उन्हाळ्यात तर त्याहून उशिरा, आणि ड्रममधलं पाणी जपून वापरावं लागतं. त्यामुळे घरी येणारे-जाणारे विमलताईंचं कौतुक करायचे, की बाई किती थोडक्या पाण्यात आंघोळ उरकते. विठ्ठलरावांनाही त्याचं कौतुक होतं. चार लोकांत ते अभिमानाने सांगायचे. मी खाली पडल्या पडल्या ऐकायचो आणि जळायचो.

तसं म्हणाल तर घर वाढत होतं. हातात काही आलं की विठ्ठलराव बांधकाम काढायचे. पहिल्यांदा समोरची खोली झाली, सोफा आला. मग समोर पोर्च झाला, त्याला कमान. नंतर कंपाउंड, लोखंडी गेट आणि त्या गेटवर काळ्या दगडात कोरलेलं 'विमल निवास'. बायकोचं नाव घराला द्यायला मन लागतं, ते त्यांच्याकडे होतं. नाव लावलं त्या दिवशी सगळ्या गल्लीला पेढे वाटले. विमलताईंनी मागे येऊन बादलीभर पाणी घेतलं, गेटवरचं आपलं नाव धुतलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बादलीने माझ्यावर बसून लुगड्यासकट अंग धुतलं.

संडास मात्र झाला, दारासकट. सगळ्या वस्तीत होत होते, आणि सरकारी अनुदानासाठी त्याच्या दारापुढे उभं राहून फोटो काढून द्यायचा होता. इथेच अंग धू, असं विठ्ठलरावांनी सुचवून पाहिलं. विमलताई म्हणाल्या, तिथून निघून देवाजवळ दिवा कसा लावू? ते काही चुकीचं नव्हतं. आणि जागा तरी केवढी, माणूस नीट वळायचा नाही. त्या तिथे फक्त कधीमधी लुगडं बदलायला जायच्या, नाकाला पदर लावून.

एका संध्याकाळी त्या मागच्या दारात तूर निवडत होत्या आणि विठ्ठलराव समोरच्या भिंतीला कोणता रंग द्यावा ते बोलत होते. विमलताईंनी पुन्हा न्हाणीचं काढलं. मागच्या कितीतरी दिवाळ्यांत काढलं होतं तसंच, आवाज न चढवता.

"करू ना," विठ्ठलराव म्हणाले. "पन आधी समोरचं तं होऊ दे. लोकं समोरून येतात. मांगून कोन पाह्यते?"

विमलताईंचा हात सुपात थांबला.

"मांगूनच पाह्यतात," त्या म्हणाल्या.

विठ्ठलराव हसले. त्यांना वाटलं, बायकोने काहीतरी गमतीचं उत्तर दिलं. ते उठून आत गेले. घराला आंबा रंग लागला.

सुरभी मोठी झाली तेव्हा विमलताईंनी तिच्यासाठी स्वतःची पाठ उभी केली. ती आत असताना या चादर हातांनी उंच धरून उभ्या राहायच्या, नजर गच्चीवर लावून. हात भरून यायचे, पण खाली घ्यायच्या नाहीत. सुरभी शिकायला अमरावतीला गेली आणि हॉस्टेलवरून तिचा पहिला फोन आला तेव्हा विमलताई माझ्यावर कपडे घासत होत्या. जेवण कसं आहे, मैत्रिणी कशा आहेत, काही विचारलं नाही. पहिलं विचारलं, न्हाणीला दार आहे का, आतून कडी लागते का. लागते, म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला आणि डोळे पुसले. साबणाच्या हातांनी पुसले, म्हणून आणखीच पाणी आलं.

मग रजतच्या लग्नाचं निघालं. बोरी अरबहून पाहुणे घर बघायला आले. सोबत मुलगीही होती, खुशी. कमान बघितली, सोफ्यावर बसली, पोहे झाले. हात धुवायला म्हणून खुशी मागे आली. विमलताई तिच्या हातावर पाणी घालत होत्या. मुलीने बल्ल्या बघितल्या, लुगडी बघितली, मग मान वर करून गच्च्या बघितल्या. एका गच्चीवर एक माणूस दात घासत उभा होता.

"काकू, तुम्ही इथंच?" तिने हळूच विचारलं. विमलताईंनी नुसती मान हलवली.

चार दिवसांनी बोरी अरबहून निरोप आला. मुलीला मुलगा पसंत आहे, पण आधी बाथरूम व्हावं, मग तारीख काढू. विठ्ठलराव दोन दिवस फुगून बसले, घरात कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी विटा आल्या.

विटा विमलताईंनी स्वतः उचलून दिल्या. इतक्या वर्षांचं त्यांचं मागणं त्या पोरीच्या एका शब्दासरशी झालं, हे रुपीबाईला लागलं आणि ती तसं बोलली. विमलताई म्हणाल्या, माझ्या सांगण्याने नाही झालं, तिच्या सांगण्याने झालं, झालं ना पण. बल्ल्या उपटल्या गेल्या, कपडे वाळवायच्या तारेसाठी दोन तेवढ्या राहिल्या. सांदवाडीच्या कोपऱ्यात बाथरूम उभं राहिलं. आत निळ्या टाइल्स, वर पत्रा, आणि फायबरचं दार. मिस्त्री गेल्यावर विमलताईंनी आतून कडी लावली, काढली, पुन्हा लावली. बाहेर मला कडीचा आवाज येत होता. मला आत जागा नव्हती. टाइल्सवर दगड कशाला, असं मिस्त्री म्हणाला होता आणि ते बरोबरच होतं. कपडे धुवायला म्हणून मी बाहेर राहिलो. वाईट वाटलं नाही. एकदाची ती बाई सुटली, असंच मनात आलं.

नारळ फुटला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमलताई आत गेल्या. कडी लागली. मी वाट बघत होतो की आता गुणगुणणं ऐकू येईल, तुरीचं वावर होतं तेव्हा यायचं तसं. पाण्याचे दोन आवाज आले, तिसरा आला आणि दार उघडलं. त्यांनी तारेवर लुगडं टाकलं. पदरापासून शेवटच्या काठापर्यंत ते भिजलेलं होतं, पाणी निथळून माझ्यावर पडत होतं.

मला वाटलं, सवय आहे, जाईल. लग्न झालं, खुशी घरात आली. ती आत गेली की अर्धा तास यायची नाही, मोबाइलवर गाणी लावायची, आणि विमलताई बाहेरून ऐकत हसायच्या. पण त्यांचं स्वतःचं लुगडं रोज तसंच. दारं-खिडक्या बंद, वर पत्रा, आत कुणी नाही, आणि ती बाई लुगडं नेसून, गुडघे जवळ घेऊन अंग धूत होती.

खुशीच्या ते लक्षात आलं. एका सकाळी ती माझ्यावर कपडे धूत असताना विमलताई बाहेर आल्या. तिने लुगड्याचा ओला पिळा हातात घेतला आणि विचारलं, "आई, दार लागतं ना. मग काहून?"

विमलताईंनी तो पिळा परत घेतला, तारेवर टाकला. मग खाली बसल्या, माझ्या उडालेल्या कोपऱ्यापाशी.

"काढाले गेली का हात थांबते," त्या म्हणाल्या. "वाटते, वरून कोनी हाय."

खुशीने त्यांना समजावलं नाही. शहाणी पोर. दुसऱ्या दिवशी विमलताई आत गेल्या आणि तिने बंद दाराला पाठ लावली. "मी उभी आहे, आई. सावकाश होऊ द्या," असं तिने मोठ्याने सांगितलं. रुपीबाईचं वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं. मग ती रोजच उभी राहू लागली. पुष्कळ दिवस फरक पडला नाही. उन्हाळा लागला. आणि एका सकाळी विमलताईंनी तारेवर लुगडं टाकलं, तर खालचं सगळं ओलं होतं पण पदर कोरडा होता. खांद्यावरचा पदर त्यांनी काढला होता. खुशीने तो कोरडा पदर दोन्ही हातांत धरला आणि दोघी सासू-सुना माझ्याजवळ उभ्या राहून हसल्या. विमलताई म्हणाल्या, होईल हळूहळू.

हळूहळू व्हायला वेळ मिळाला नाही. त्याच आठवड्यात, उन्हाच्या कडाक्यात, दुपारी जेवून त्या कलंडल्या आणि उठल्या नाहीत. छातीतच काही झालं, असं डॉक्टर म्हणाले.

गेटपर्यंत माणसं भरली. पोर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. म्हणून शेवटची आंघोळ मागे सांदवाडीत घालायचं ठरलं. खुशी रडत रडत म्हणाली, आईंना बाथरूममध्ये न्या, तिथे दार आहे. विठ्ठलरावांची मोठी बहीण राळेगावहून आली होती. तिने मान हलवली. रोज घरचे जिथे अंग धुतात तिथे मयत धूत नाहीत, ते आंगणातच धुवावं लागतं, अशी रीत. आणि तसंही आत चार माणसं मावली नसती. शेवटी त्यांना उचलून आणलं आणि माझ्यावर टेकवलं.

बायकांनी चारही बाजूंनी लुगडी धरली. पुन्हा तोच आडोसा. पुन्हा वर आभाळ. आणि मागच्या दुमजली घरावर, तिमजली घरावर माणसं जमली होती. कुणी वाईट हेतूने नव्हतं आलेलं. कुणी गेलं की लोक बघायला येतात, तसे गच्च्यांवर आले होते.

विठ्ठलरावांना बायकांनी बाजूला व्हायला सांगितलं होतं. ते वळले, आणि वळता वळता त्यांची नजर वर गेली. या जागेवरून वर त्यांनी इतक्या वर्षांत बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं. एक गच्ची, दुसरी गच्ची, मग खिडक्या. ते बघत राहिले. त्यांचं तोंड उघडं पडलं आणि तसंच राहिलं.

"मांगूनच पाह्यतात," ते पुटपुटले.

मग त्यांनी तारेवरची मोठी चादर ओढली. तिची एक बाजू तारेला बांधली, दुसऱ्या बाजूचं एक टोक रजतच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. बहीण म्हणाली, पुरुषांनी इथे थांबू नये. बापलेक बायकोकडे, आईकडे पाठ करून, हात उंच करून उभे राहिले. त्या न्हाणीवर छप्पर आलं ते असं.

एका बाईने विमलताईंच्या लुगड्याला हात घातला. खुशीने तो धरला. "राहू द्या," ती म्हणाली. "लुगड्यावरूनच घाला पाणी. आईंना तसंच लागतं."

पाणी पडलं. दोन तांबे, तीन तांबे, आणि त्यानंतरही पडत राहिलं. कुणाला घाई नव्हती. रुपीबाई आता म्हातारी झाली आहे, पण आडोशाच्या तोंडाशी ती पाठ करून उभी होती. तिला खोकला आला की तिने मुद्दाम आणला, मला माहीत नाही.

"मी उभी हाव, विमलबाई," ती म्हणाली. "घे धुऊन."

विठ्ठलरावांनी चादर आणखी उंच धरली. ते रडत होते, पण त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

आता मी रिकामा असतो. कपडे धुवायचं मशीन आलं आहे. रजतला वर मजला चढवायचा आहे, त्या वेळी सांदवाडीतही कॉलम येतील आणि मला फोडून पायाच्या भरावात घालतील, असं कानावर आलं आहे. खाणीतून निघालेला दगड मातीत गेला, त्यात रडण्यासारखं काही नाही. विठ्ठलराव संध्याकाळी माझ्यावर येऊन बसतात आणि गच्च्यांकडे बघतात. ले-आउटमध्ये कुठे नवीन पाया खोदलेला दिसला की ते काठी टेकत तिथपर्यंत जातात आणि घरमालकाला सांगतात, आधी न्हाणी बांधा, कमान मागाहून. लोक त्यांना चहा देतात आणि कमानीचं माप घ्यायला लागतात.

त्यांचं कुणी ऐकत नाही, म्हणून मी बोललो. जायच्या आधी एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात एखादी बाई फार लवकर, फार थोड्या पाण्यात आंघोळ उरकत असेल, तर तिचं कौतुक करू नका. तारेवर वाळत घातलेलं तिचं लुगडं एकदा हातात घेऊन बघा. पदरापासून काठापर्यंत ते ओलं असेल, तर गेटवर नाव कुणाचंही असो, तुमचं घर अजून बांधून झालेलं नाही.